निर्जन थर

"आणि माणसं?" बाईंनी विचारलं. "त्या काळात इथं माणसं कुठं होती?"

"नव्हती," हेमराज म्हणाला.

"नव्हती म्हणजे?"

"म्हणजे नव्हती, बाई. पान एकशे बारा. लिहिलंय मी."

बाईंनी पान काढलं. चष्मा जरा खाली ओढला आणि ओळीवर बोट ठेवून, वर्गात वाचायच्या तसं, खणखणीत आवाजात वाचलं, "‘या काळात गिरणेचं हे खोरं निर्जन होतं.’"

पुस्तक त्यांनी मिटलं नाही. ओळीवरचं बोटही उचललं नाही.

हेमराज उभाच होता. आल्यापासून तो बसलाच नव्हता. आश्रमाची ओसरी इकडून तिकडं सात पावलांची. त्या सात पावलांत तो सारखा येरझाऱ्या घालत होता.

तामखेडच्या शाळेत या सोनवणे बाईंनी त्याला आठवीत भूगोल शिकवला होता. पुढं त्यांची नोकरी संपली आणि त्यांनी महानुभाव पंथाची दीक्षा घेतली. काळं वस्त्र आलं, नवं नाव आलं, भिक्षेचं अन्न आलं. गावापासून कोसभर दूर, गिरणेच्या काठी, पत्र्याच्या छपराचा हा लहानसा आश्रम. येणारे-जाणारे दंडवत घालून नव्या नावानं हाक मारत. हेमराज मात्र बाईच म्हणायचा.

आता तो हेमराज बोरसे, भूवैज्ञानिक. नद्यांच्या काठची माती वाचून हजारो वर्षांपूर्वीचा पाऊस सांगणारा. त्याच्या व्याख्यानांना लोक टाळ्या वाजवायचे. आज तो पुण्याहून पहाटेच गाडी काढून आला होता, पुस्तक द्यायला. पहिल्या पानावर छापलं होतं : ज्यांनी भोवरा सोडला त्या सोनवणे बाईंना.

भोवऱ्याची गोष्ट खरी होती. एके दुपारी बाईंनी वर्गात टेबलावर भोवरा सोडला. फिरता फिरता तो मान डोलवू लागला. "पृथ्वीपण अशीच डोलते," बाई म्हणाल्या. "फार हळू. एका डोलण्याला हजारो वर्षं. सूर्याभोवतीची तिची वाटही कधी गोल, कधी लांबट होते. ऊन कुठं कमी पडतं, कुठं जास्त. मग उत्तरेला बर्फ साचतं ते साचतंच. हजारो वर्षांनी वितळतं. पुन्हा साचतं."

पोरं हसली होती. हेमराजला मात्र त्या दिवसापासून पायाखालची जमीन कधी स्थिर वाटली नाही.

"कशावरून निर्जन?" बाईंनी विचारलं.

तो भराभरा बोलू लागला.

"पंचवीस हजार वर्षांपूर्वी, बाई... उत्तरेला मैल-मैल जाडीचं बर्फ. समुद्राचं पाणी त्यात अडकलं. समुद्र शंभर मीटर खाली गेला. इकडं पावसाळा नावालाच उरला. गिरणा म्हणजे वाळू आणि वारा. शहामृगं हिंडत होती इथं, शहामृगं! त्या वाळूचा थर तुमच्या या दरडीत आहे, पुरुषभर जाडीचा. मी चौदा ठिकाणी तपासला. एक हत्यार नाही. एक हाड नाही. राखेचा कण नाही."

"चौदा ठिकाणी."

"चौदा."

"आणि पंधराव्या ठिकाणी?"

हेमराज हसला. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळालेल्या मुलाला एखाद्यानं अजून एक गणित घातलं, तर तो हसेल तसा.

"पंधराव्या ठिकाणी काय वेगळं असणार, बाई?"

बाईंनी पुस्तक मिटलं.

खिशातला फोन थरथरला. हेमराजनं काढून बघितला आणि परत खिशात टाकला. थरथर बराच वेळ चालू राहिली.

"घरून?"

"हं. कांचन."

"घे की."

"नंतर."

बाईंनी पाण्याचा गडू पुढं केला. तो उभ्या उभ्याच घटाघटा प्यायला. गडू खाली ठेवतो न ठेवतो तोच फोन पुन्हा थरथरला.

"चल," बाई काठी हातात घेत म्हणाल्या. "नदीवर जाऊन येऊ."

"आत्ता? या उन्हात?"

"तुला तसंही बसवत नाहीये."

बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. काठी टेकत, पाऊल बघून टाकत चालणाऱ्या. हेमराज दहा पावलं पुढं जायचा, थांबायचा, मागं यायचा, पुन्हा पुढं जायचा. बोलणं मात्र चालूच होतं.

"खरं सांगू, बाई? या कामानं माणूस मोकळा होतो. बर्फ आलं, गेलं. समुद्र खाली गेला, वर आला. वाळवंट झालं, पुन्हा रान झालं. यात आपण कोण? दोन बोटं मातीचा थर. वैराग्य म्हणतात ते यापेक्षा काय वेगळं असतं? तुम्ही पोथी वाचून तिथं पोचलात, मी माती वाचून."

बाई चालत राहिल्या.

"आता गरम होतंय. या खेपेला कारण आपणच, हे मला कुणी सांगायला नको. आधी जे व्हायला हजारो वर्षं लागायची, ते माझ्या हयातीत होताना दिसतंय. रोज आकडे बघतो मी. पुढं काय वाढून ठेवलंय, मला माहीत आहे. पण पृथ्वीला काय त्याचं? तिनं असलं फार बघितलंय. तिला काही फरक पडत नाही."

बाई थांबल्या. त्यांना दम लागला होता. काठीवर दोन्ही हात ठेवून त्या त्याच्याकडं बघत राहिल्या.

"तू तिच्या वतीनं आलास का?"

"कुणाच्या?"

"पृथ्वीच्या."

बाई पुन्हा चालू लागल्या, आणि या खेपेला तो मागं राहिला.

पात्रात पाण्याची बारीक धार होती. काठाची दरड चार माणसं एकावर एक उभी राहावीत एवढी उंच. खाली गोटे, त्यावर लालसर माती, त्यावर पिवळट वाळूचा तो थर, आणि सगळ्यात वर काळी शेतजमीन. हेमराजला ही दरड पाठ होती. पण वळणापलीकडचा हा कोपरा त्यानं पाहिलेला नव्हता.

"इथं झाडोरा होता," तो म्हणाला.

"होता. भाद्रपदातल्या पुरानं नेला. दरडही ढासळली."

ढासळलेल्या मातीच्या चढावर, वाळूच्या थराला एक गंजका पत्रा टेकवून ठेवला होता. तो वाऱ्यानं हलू नये म्हणून तळाशी दगड रचलेले. बाई खाली बसल्या आणि एकेक दगड बाजूला करू लागल्या. हेमराज मदतीला वाकला, तर त्यांनी त्याचा हात दूर सारला.

पत्रा निघाला.

"हात लावू नकोस," बाई म्हणाल्या. "नुसतं बघ."

पिवळट वाळूत एक काळा डाग होता. पातेल्याच्या बुडासारखा, मध्ये खोल, कडेला वर येणारा. त्यात कोळशाचे कण. डागाच्या शेजारी कवचाचे पाच-सहा तुकडे. दुधावरच्या सायीच्या रंगाचे, जाड, अंगावर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक बारीक खड्डे. आणि त्या तुकड्यांमध्ये एक गोल चकती. तुरीच्या दाण्याएवढी. कड घासून गुळगुळीत केलेली. मधोमध भोक पाडायला घेतलेलं... अर्धंच. आरपार गेलेलं नाही.

हेमराज पुढं वाकला.

"शहामृगाच्या अंड्याचं कवच," तो म्हणाला. "हे कधी दिसलं तुम्हाला?"

"पूर ओसरला तेव्हा."

"आणि मला कळवलं नाहीत?"

"गावातून दोनदा फोन केला होता. कामात आहे म्हणालास, नंतर बोलतो म्हणालास."

"मग काढून तरी ठेवायचं! सात महिने, बाई! एक ढेकूळ निसटलं असतं, एखादं जनावर घसरलं असतं, तरी गेलं होतं सगळं!"

"जागेवरून उचललेली वस्तू मुकी होते, असं तूच सांगितलं होतंस मला. इथंच. मातीची चिमूट दाताखाली धरायला शिकवलीस तेव्हा."

हे त्यानं शिकवलं होतं. कुरकुरली तर गाळ, नाही कुरकुरली तर चिकणमाती. बाईंनी तेव्हा शाळकरी मुलीसारखी माती दाताखाली धरली होती. आणि आता त्या रोज इथं येत असणार, पत्रा जागेवर आहे का बघत असणार... हेमराजनं मनातून ते झटकलं.

"वरून घरंगळलं असेल," तो म्हणाला. "एखाद्या बिळातून खाली आलं असेल. असं होतं. पुष्कळदा होतं."

"बघ की मग."

त्यानं गुडघे टेकले. खिशातलं भिंग काढलं. डागाच्या वरची वाळू बघितली. कागद एकावर एक रचावेत तसे तिचे पातळ पदर आडवे, अखंड गेले होते. कुठं बीळ नाही, भेग नाही, उंदराच्या नखांची खूण नाही. त्यानं डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. नाक जवळजवळ मातीला टेकवून बघितलं. घामाचा थेंब वाळूत पडेल म्हणून बाहीनं कपाळ पुसलं. बराच वेळ गेला.

तो मागं सरला.

"कुणीतरी इथं चूल पेटवली होती," तो म्हणाला. "त्याच काळात. ऐन कोरड्या काळात." मग भिंग मिटत, "पुस्तक चुकलं माझं."

लाजेनं कानशिलं तापली होती, आणि तरी मनात आनंद मावत नव्हता. असं एकाच वेळी कसं होतं, ते त्याला कळेना.

"हे काय आहे?" बाईंनी लांबूनच बोट दाखवलं.

"मणी."

"पुरा?"

"नाही. करता करता राहिलेला."

"असा एक करायला किती वेळ लागतो?"

"आमच्या एका सहकाऱ्यानं करून बघितला होता, गारगोटीच्या टोच्यानं. कवच सारखं फुटतं. फुटलं की नवा तुकडा घ्यायचा, पुन्हा पहिल्यापासून. अर्धा दिवस गेला त्याचा."

"करणाऱ्याला ठाऊक होतं का, पाऊस कधी नीट होईल ते?"

"कसं ठाऊक असणार? त्याच्या हयातीत नाही झाला. त्याच्या नातवंडांच्या नाही झाला. पुढं हजारो वर्षं नाही झाला."

"मग कशाला केला?"

"गळ्यात घालायला. दुसरं काय?"

"कुणाच्या?"

हेमराज मण्याकडं बघत राहिला.

"ते सांगता येत नाही, बाई. त्याला पुरावा नसतो."

"बरं," बाई म्हणाल्या.

पात्रात एक टिटवी ओरडत गेली. मग पुन्हा सगळं शांत झालं...

आणि आल्यापासून पहिल्यांदाच हेमराज खाली बसला. बसला म्हणजे मातीतच टेकला.

"आम्हाला मूल नाही," तो म्हणाला. "तुम्हाला ठाऊक आहे. दत्तक घ्यायचं म्हणून तीन वर्षांपूर्वी नाव नोंदवलं होतं. कांचनची इच्छा. मीही हो म्हटलं, तेव्हा ते लांबचं होतं. परवा संध्याकाळी कळवलं त्यांनी. मुलगी आहे. आठ महिन्यांची. दोन दिवसांत हो किंवा नाही सांगायचं. काहीच सांगितलं नाही तर दुसऱ्या घरी विचारणार."

"कांचन काय म्हणते?"

"ती म्हणते, मी एकटी हो म्हणणार नाही. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. काल दिवसभर मी घरात येरझाऱ्या घातल्या. आज पहाटे गाडी काढली. म्हटलं, बाईंना पुस्तक देऊन येतो."

"आणू कुठं तिला, बाई? कसल्या जगात? ती माझ्या वयाची होईल तेव्हा या नदीचं काय झालेलं असेल, उन्हाळे कसे असतील, मला दिसतंय. ज्याला काही माहीत नाही त्यानं आणावं. मला माहीत आहे."

बाई गप्पच.

त्या गप्पपणाचा त्याला राग आला. इतक्या वर्षांत बाईंवर तो कधी चिडला नव्हता. आज आवाज चढला.

"तुम्ही काय सांगणार म्हणा! तुम्ही स्वतःच सगळं सोडून इथं येऊन बसलात!"

"हो," बाई म्हणाल्या. राग नव्हता, काही नव्हतं. "एकतीस वर्षं आठवीचा वर्ग धरला होता. तो सोडला. तू काय धरलं होतंस?"

हेमराजनं मान खाली घातली. वाळूत बोटानं एक रेघ ओढली, पुसली, पुन्हा ओढली.

"मोठी झाल्यावर ती मला विचारेल," तो म्हणाला. "म्हणेल, तुम्हाला सगळं माहीत होतं ना? मग मला का घेऊन आलात? काय सांगू तिला?"

"विचारेल म्हणतोस?"

"विचारणारच. मी असतो तर विचारलं असतं."

"मग विचारू दे की."

तो बाईंकडं बघत राहिला. बाई दरडीकडं बघत होत्या.

"नाव काय तिचं?" त्यांनी विचारलं.

"तिथल्या लोकांनी काहीतरी ठेवलंय. कागदांत असेल. मी वाचलं नाही."

"दिसते कशी?"

"फोटो पाठवलाय कांचननं..." तो अडखळला. "उघडला नाही मी."

पंचवीस हजार वर्षांपूर्वीच्या वाळूचा कण न् कण भिंगाखाली धरून बघणारा हा माणूस. दोन दिवस एक फोटो खिशात घेऊन हिंडत होता आणि त्यानं तो उघडला नव्हता. हे त्याचं त्यालाच आता पहिल्यांदा ऐकू आलं.

त्यानं फोन काढला. कांचनचा निरोप शोधला आणि फोटोवर बोट ठेवलं.

पडद्यावर एक धूसर चौकोन आला. मध्ये एक गोल फिरू लागला. फिरतच राहिला. धुरकट काहीतरी दिसत होतं. कपाळ असेल, टोपडं असेल, कुणाचा तरी खांदा असेल. त्यानं फोन उंच धरला. उठून दोन पावलं पाण्याकडं गेला, चार पावलं दरडीकडं आला. पुन्हा बोट ठेवलं. गोल फिरतच होता.

"उघडत नाहीये," तो म्हणाला. आवाजात आता वेगळीच धांदल होती. "रेंजच नाही इथं. बाई, उघडत नाहीये!"

"कळवायचं कधीपर्यंत?"

"पाच. पाच वाजेपर्यंत."

"वाजले किती?"

"चार पस्तीस."

"रेंज वर येते. पायवाटेच्या टोकाला बाभळ आहे, तिथं."

हेमराज पायवाटेकडं वळला. दोन ढांगा गेला. मग थबकला, आणि मागं वळून त्या काळ्या डागाकडं बघितलं. ऊन कलतं झालं होतं. पलीकडच्या काठावरून गुरं पाण्यावर यायला लागली होती, त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या.

"पाच मिनिटं, बाई," तो म्हणाला. "याची मापं घेतो. चार फोटो काढून ठेवतो. दरड भुसभुशीत आहे, गुरं इकडून चढली तर राहणार नाही काही. पाचच मिनिटं."

तो परत फिरला आणि मण्यापाशी आला.

बाई त्याच्या आणि दरडीच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. काठी टाकून दिली. एका हातानं जमीन चाचपत, गुडघ्याला कळ आली तशी ओठ आवळून, हळूहळू खाली बसल्या. दरडीकडं पाठ केली. काळ्या वस्त्राचा पदर दोन्ही बाजूंना पसरून घेतला. डाग झाकला, कवचं झाकली, मणी झाकला.

"बाई, अहो... पंचवीस हजार वर्षांनी सापडलंय हे!"

"हो ना," बाई म्हणाल्या. "मी बसलेय इथं. तू चालत जाऊ नकोस, पळ."